चांगल्या शोमरोन्याची गोष्ट: 'अडल्यानडल्याला मदत करा' एवढाच अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा: शाळेत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ऐकली होती, तिचा अर्थ 'अडल्यानडल्याला मदत करा' एवढाच आहे का, आणि ती खरंच घडली होती का?

एवढाच नाही. मदतीचा धडा द्यायला शोमरोनी (समॅरिटन, यहूदी ज्यांना वैरी मानत त्या शेजारच्या समाजातला माणूस) कशाला हवा होता? एखादा भला यहूदी वाटसरूही चालला असता. शोमरोनी मुद्दाम घातलाय, आणि तो काढला तर गोष्टीत फारसं काही उरत नाही.

ज्यांना गोष्ट आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायबलमधलं लूककृत शुभवर्तमान, अध्याय १०, वचनं २५ ते ३७. एक शास्त्री, म्हणजे यहूदी धर्मग्रंथातल्या नियमशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळण्यासाठी काय करू? येशू म्हणतो, नियमशास्त्रात काय आहे? शास्त्री चोख उत्तर देतो: देवावर पूर्ण मनानं प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. मग विचारतो, "पण माझा शेजारी कोण?" त्यावर ही गोष्ट येते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू गाठतात, कपडे काढून, मारून, अर्धमेला टाकून जातात. याजक (मंदिरातला पुरोहित) येतो, बघतो, बाजूनं निघून जातो. लेवी (मंदिरातला सेवक) हाही तसाच. मग शोमरोनी येतो, जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून त्या बांधतो, त्याला आपल्या गाढवावर बसवून उतारशाळेत नेतो आणि त्याच्या देखभालीसाठी दिनार देतो.

आता 'शोमरोनी' ऐकल्यावर त्या श्रोत्यांना काय वाटलं असेल ते बघा. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानसनं पाडलं होतं. उलट बाजूनं, योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो की इसवी सन ६ ते ९ च्या सुमारास, म्हणजे येशूच्या लहानपणी, काही शोमरोन्यांनी सणाच्या रात्री यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडं टाकून ते विटाळलं. दोन्हीकडं जखमा ताज्या होत्या. योहानाच्या शुभवर्तमानात विरोधक येशूला 'तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागलंय' असं म्हणतात. तिथं तो शब्द शिवीसारखाच येतो.

लूकमध्येच एक पान मागं जा. ९व्या अध्यायात शोमरोन्यांचं एक गाव येशूला उतरू देत नाही, आणि याकोब-योहान हे शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का? येशू त्यांना दटावतो. पुढच्याच अध्यायात शोमरोनी गोष्टीचा नायक होऊन येतो. गोष्ट सुटी ऐकली की हा धागा हातातून निसटतो, म्हणून माझा आग्रह असतो की दाखला (येशूची बोधकथा) वाचायचा तर आधीचा अध्यायही वाचावा.

शिवाय श्रोत्यांची अपेक्षा वेगळीच असणार. 'ब्रह्मा, विष्णू' म्हटल्यावर पुढं 'महेश' येणारच, तसं 'याजक, लेवी' म्हटल्यावर तिसरा साधा इस्राएली माणूस यायला हवा. पुरोहित नालायक, सामान्य माणूस चांगला, अशी गोष्ट लोकांना आवडलीच असती. तिसऱ्या जागी शत्रू आला.

इथं प्रवचनात हमखास एक भर पडते: याजकाला प्रेताचा विटाळ होईल अशी भीती होती. मला ते पटत नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात अध्याय २१ मध्ये याजकांवर तसं बंधन आहे हे खरं. पण माणूस जिवंत होता, याजक यरुशलेमहून खाली चालला होता म्हणजे मंदिरातली सेवा मागं राहिली होती, आणि लेव्यांना तो नियम तसा लागूच नव्हता. मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात तर बेवारस प्रेत दिसलं तर महायाजकानंही ते पुरावं असं आहे. येशू कारण सांगतच नाही. आपण ते घुसडतो आणि यहूदी धर्मच निर्दय होता असं ठरवून मोकळे होतो. वर ज्या दोन आज्ञांवर सगळी चर्चा उभी आहे, त्या शास्त्र्यानं त्याच नियमशास्त्रातून सांगितल्यात हे विसरतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी हत्येच्या आदल्या दिवशी, ३ एप्रिल १९६८ ला मेंफिसच्या भाषणात वेगळा तर्क केला: ते दोघे घाबरले असतील, लुटारू अजून आसपास असले तर? किंग स्वतः भाड्याच्या गाडीनं त्या रस्त्यानं गेले होते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर वर, यरीहो सुमारे २५० मीटर खाली, मध्ये पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा ओसाड, वळणावळणाचा उतार. हा तर्क मला विटाळापेक्षा जास्त माणसासारखा वाटतो.

आणि घाई? १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा प्रिन्स्टनच्या धर्मविद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वाटेत एक माणूस कण्हत बसवला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. त्यातले काही जण याच दाखल्यावर बोलायला निघाले होते, पण त्यानं विशेष फरक पडला नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. शास्त्र्यानं विचारलं, माझा शेजारी कोण, म्हणजे मी कुणाकुणावर प्रीती करायची, हद्द सांगा. येशू शेवटी विचारतो, त्या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी कोण झाला? हा प्रश्न जखमी माणसाच्या बाजूनं विचारलाय. शास्त्र्याला रस्त्याकडेला, रक्तात पडून वर बघावं लागतं. बायबल अभ्यासाला बसलो की आम्ही सगळे हटकून शोमरोन्याच्या जागी बसतो. ती जागा सोयीची आहे, हातात तेल-द्राक्षारस आहे, गाढव आहे, खिशात दिनार आहेत. एकदा जखमी होऊन वाचा. ज्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही असं घरात शिकवलं गेलं, तोच एकटा थांबलाय. आपल्याकडं असं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. मदत करणं जमेल हो, पण *त्याची* मदत घेणं?

शास्त्र्यालाही ते जड गेलं असावं. तो 'शोमरोनी' म्हणत नाही, 'त्याच्यावर दया करणारा' म्हणतो.

अजून एक वाचन सुचवतो, ते फार कमी जण करतात: बायबलमधलंच '२ इतिहास' हे पुस्तक, अध्याय २८. यहूदा राज्याचे बंदिवान शोमरोन शहरात आणले जातात, ओदेद संदेष्टा खडसावतो, आणि तिथले लोक उघड्यांना कपडे घालतात, खाऊपिऊ घालतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवून यरीहोला पोहोचवतात. तेल, गाढव, यरीहो, सगळं तिथं आहे. त्या शास्त्र्याला हा अध्याय नक्की माहीत असणार. शत्रूकडून दया ही येशूनं नव्यानं काढलेली कल्पना नव्हती, त्यांच्याच ग्रंथात होती.

'मदत करणारा' हा अर्थ मात्र आता इतका रुळलाय की कायद्यातही तोच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं घातलेलं कलम १३४अ अपघातग्रस्ताला सद्भावनेनं मदत करणाऱ्या 'गुड समॅरिटन'ला संरक्षण देतं. कायदा चांगलाच आहे. त्यात शोमरोनी कोण होता हे मात्र पुसलं गेलंय. शोमरोनी समाज आजही आहे, हजाराच्या आतला, गरिज्जीमवर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये.

गोष्ट घडली होती का? हा दाखला आहे, 'एक माणूस' असा सुरू होतो, नावगाव नाही. घडलीच असं धरायचं कारण नाही. तरी यरुशलेम-यरीहो रस्त्यावर यात्रेकरूंना 'शोमरोन्याची उतारशाळा' दाखवतात. तिथं मोज़ेकचं संग्रहालय आहे. गेलात तर मोज़ेक बघायला जा.