प्रांताचा व्यावसायिक रग्बी संघच गेला, तर तिथली संघटना पुन्हा उभी राहते का?

तुम्ही विचारलंय की २०१७ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा ‘वेस्टर्न फोर्स’ हा संघ सुपर रग्बी या अनेक देशांतल्या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेतून काढला, २०२४ मध्ये मेलबर्नचा ‘रेबेल्स’ बंद झाला. असा संघ गेल्यावर राज्याच्या रग्बी संघटनेच्या हातात उरतं काय, आणि ती पुन्हा उभी कशी राहते? मी वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, पर्थला राहतो. मुलगा इथल्या एका क्लबात लहानपणापासून खेळला आणि त्याच्यामागोमाग मीही क्लबच्या कामात पडलो. त्यामुळे मेलबर्नबद्दल लांबून आणि पर्थबद्दल जवळून लिहितोय.

थोडक्यात उत्तर: उभी राहते, पण संघटनेला आपण नक्की कोणाची आहोत हे ठाऊक असेल तरच. पर्थचा संघ एका अब्जाधीशाच्या पैशावर परत आला ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरीच आहे. पण तो पैसा येईपर्यंतचा काळ कुणी आणि कसा काढला हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

संघ गेला कसा ते आधी बघू. फोर्स २००६ मध्ये सुपर रग्बीत आला, ऑस्ट्रेलियाचा चौथा संघ म्हणून. पर्थ हे मुळात ऑसी रूल्स फुटबॉलचं शहर, वेस्ट कोस्ट ईगल्स आणि फ्रीमँटल डॉकर्स यांचं. रग्बी इथे टिकली ती बाहेरून आलेल्या माणसांमुळे: दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, न्यूझीलंड, ब्रिटन, सामोआ, टोंगा. शनिवारी सकाळी कुठल्याही ज्युनियर मैदानावर उभे राहा, एका टोकाला आफ्रिकान्स ऐकू येते आणि दुसऱ्या टोकाला सामोअन. डेन हेलेट-पेटी डर्बनमध्ये जन्मला, काइल गॉडविन हरारेत. दोघं वाढले पर्थमध्ये, फोर्सकडून खेळले आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघात गेले. संघ असण्याचा खरा उपयोग हाच होता. बारा वर्षांच्या पोराला दिसायचं की इथून वर जायला वाट आहे, आणि त्यासाठी सिडनीला घर हलवावं लागत नाही.

२०११ मध्ये रेबेल्स आला, ऑस्ट्रेलियाचे पाच संघ झाले. २०१६ मध्ये स्पर्धा अठरा संघांची झाली, टोकियोपासून ब्युनोस आयर्सपर्यंत पसरली आणि कोण कोणाशी का खेळतंय हे चाहत्यांनाही कळेनासं झालं. एप्रिल २०१७ मध्ये ठरलं की पुन्हा पंधराच संघ ठेवायचे. दक्षिण आफ्रिकेने दोन कमी करायचे, ऑस्ट्रेलियाने एक. १० एप्रिलला राष्ट्रीय संघटनेने जाहीर केलं की फोर्स किंवा रेबेल्स यांपैकी एक जाणार. दोन-तीन दिवसांत निकाल लागेल अशी भाषा होती. लागला ११ ऑगस्टला, चार महिन्यांनी.

हे चार महिने फार वाईट गेले. खेळाडूंना पुढच्या वर्षी आपण कुठे असू ते माहीत नाही, कुणाच्या मुलांच्या शाळा, कुणाचं घराचं कर्ज. तरी त्या मोसमात फोर्स ऑस्ट्रेलियन संघांमध्ये दुसरा आला आणि रेबेल्सने अख्ख्या मोसमात एक सामना जिंकला. १५ जुलैला घरच्या मैदानावर फोर्सने सिडनीच्या वॅराटाझला ४०-११ असं हरवलं; मॅट हॉजसनचा तो निरोपाचा सामना. पहिल्या मोसमापासून या संघाची ओळख असलेला माणूस निळी जर्सी घालून मैदान सोडत होता आणि आपण एका खेळाडूला निरोप देतोय की संघालाच, हे स्टँडमधल्या कोणालाच माहीत नव्हतं.

मग खेळाने नाही, तर कशाने ठरलं? कागदाने. २०१६ मध्ये राज्य संघटना, म्हणजे रग्बी-डब्ल्यूए, पैशाच्या अडचणीत होती. तेव्हा राष्ट्रीय संघटनेशी करार झाला आणि संघाची मालकी तिच्याकडे गेली. संघ वाचवायला केलेला तो व्यवहार होता, त्या वेळी मदतच वाटली असणार. उलट रेबेल्स खासगी मालकाकडे होता, तो बंद करायचा तर मालकाशी निपटावं लागलं असतं. (त्या मालकाने पुढे ऑगस्टमध्ये तो संघ व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथल्या, राज्य संघटनेला एका डॉलरला दिला. यावर ऑस्ट्रेलियाच्या सेनेटने चौकशीही केली.) प्रक्षेपणाचा करार नव्याने झाल्यामुळे फोर्सचा करार संपवायचा अधिकार आपल्याला आहे, असं राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं, लवादाने ते मान्य केलं. रग्बी-डब्ल्यूए न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, ५ सप्टेंबरला तिथेही हरली. राष्ट्रीय मंडळावरचे पर्थचे संचालक जेफ स्टूक यांनी राजीनामा दिला. कोर्टात हरल्यावर चार दिवसांनी, ९ सप्टेंबरला, याच गावात ऑस्ट्रेलिया विरुद्ध दक्षिण आफ्रिका रग्बी कसोटी होती. लोक देशाच्या पिवळ्याऐवजी फोर्सचा निळा रंग घालून गेले. सामना २३-२३ असा बरोबरीत सुटला.

प्रशिक्षक डेव्ह वेसेल्स आणि बरेच खेळाडू रेबेल्सकडेच गेले. वाचलेल्या संघाने गेलेल्या संघाची माणसं घेतली. त्यात कोणाची चूक नाही, पोट सगळ्यांना आहे. पण इथल्या पोरांनी ज्यांच्या सह्या भिंतीवर लावल्या होत्या ते आता मेलबर्नच्या जर्सीत टीव्हीवर दिसायला लागले.

आता ‘उरतं काय’ या तुमच्या प्रश्नाकडे येतो. उरतात क्लब. कॉटस्लो, नेडलंड्स, असोसिएट्स, पामायरा, कलामुंडा, वेस्ट्स स्कारबरो ही नावं ऑस्ट्रेलियाबाहेर कोणी ऐकलेली नसतील, पण संघटनेचा गाडा यांनीच ओढला. फोर्सच्या कितीतरी आधीपासून इथे क्लब रग्बी आहे.

आमच्या क्लबात त्या सुमाराला काय चाललं होतं ते सांगतो. पर्थमधले अनेक बाप खाणीत ‘फायफो’ काम करतात: विमानाने उत्तरेला जायचं, दोन आठवडे राबायचं, एक आठवडा घरी. त्यामुळे ज्युनियर संघाला एकच प्रशिक्षक असून चालत नाही. दोन-तीन बाप आपापल्या पाळ्या जुळवून घेतात आणि कोणता आठवडा कोणाचा, याचा तक्ता क्लबच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेला असतो. निकाल लागला त्या आठवड्यात आमची शंका अशी की सरावाला किती मुलं येतील. आली. निम्मी फोर्सच्या जर्सीत आली. त्या दिवसाच्या प्रशिक्षकाने भाषण वगैरे केलं नाही, टॅकल बॅगा काढल्या आणि नेहमीसारखा सराव घेतला. नंतर मोठ्या माणसांची बैठक झाली आणि ती पुढच्या वर्षाच्या नोंदणीवर झाली: फी किती ठेवायची, रेफरीचा कोर्स कोण करणार, तेरा वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्या खेळाने पळवून नेऊ नये म्हणून शाळांमध्ये कोण जाणार. राग होताच. कोर्टाचा निकाल वाचून माणसं डोळे पुसत होती. पण शनिवारचे सामने लावायचेच होते.

राज्य संघटनेने या काळात केलेली सगळ्यात चांगली गोष्ट महिलांच्या संघाची. २०१८ मध्ये सुपर डब्ल्यू ही महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, पाच संघांची, आणि त्यातला एक संघ रग्बी-डब्ल्यूएच्या नावाने उतरला. जरा विचार करा, ज्या राज्याला पुरुषांच्या सुपर रग्बीसाठी नालायक ठरवलं, त्या राज्याचं नाव देशाच्या वरच्या पातळीवर त्या मुलींनी राखलं. दिवसभर नोकरी, संध्याकाळी सराव, आणि पूर्वेला सामना असला की सव्वातीन हजार किलोमीटरचा प्रवास. या संघाबद्दल फार कमी लिहिलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग अँड्र्यू फॉरेस्ट. लोखंडाच्या खाणींचा मालक, इथे सगळे त्याला ‘ट्विगी’ म्हणतात. कोर्टात हरल्यावर त्याने जाहीर केलं की संघ मी चालवतो, आणि स्पर्धा नसेल तर स्पर्धाही मीच काढतो. २०१८ मध्ये वर्ल्ड सिरीज रग्बी या नावाने पर्थमध्ये सामने झाले. फिजी, टोंगा, सामोआ, हाँगकाँगचे संघ आले, न्यूझीलंडचे क्रुसेडर्सही येऊन गेले. पहिला सामना ४ मेला फिजी वॉरियर्सविरुद्ध होता, जवळपास साडेएकोणीस हजार लोक आले. सुपर रग्बीत असतानाही इतकी गर्दी रोज होत नसे. नियम थोडे बदलले होते. आपल्या बावीस मीटर रेषेच्या आतून चाल सुरू करून थेट ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवला, तर नेहमीच्या पाचाऐवजी नऊ गुण. त्यामुळे एरवी जिथे संघ चेंडू लाथाडून मोकळे होतात तिथे ते चेंडू हातात घेऊन पळायचे आणि लहान मुलं खुर्चीवर उभी राहून ओरडायची. पुढे याचंच ग्लोबल रॅपिड रग्बी झालं. २०२० च्या मार्चमध्ये त्याची एक फेरी झाली आणि कोरोनाने ते थांबलं.

माझ्या दृष्टीने त्या स्पर्धेपेक्षा महत्त्वाचं हे की खेळाडूंना गावात राहायला कारण मिळालं. इयन प्रायरसारखा माणूस राहिला, कर्णधार झाला. फोर्सचे खेळाडू सामना नसेल तेव्हा क्लबांकडून प्रीमियर ग्रेड, म्हणजे क्लब रग्बीची सगळ्यात वरची पातळी, खेळायचे. पूर्वी टीव्हीवर दिसणारा हुकर (पुढच्या फळीतला खेळाडू) आता शेजारच्या मैदानावर दिसायचा आणि सामन्यानंतर क्लबात बसायचा. २०१९ मध्ये फोर्सने देशांतर्गत एनआरसी (नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप) स्पर्धाही जिंकली, अंतिम सामन्यात कॅनबेराच्या संघाला ४१-३ ने धुऊन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पर्थच्या नव्या स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला ४७-२६ ने हरवलं ते ६१,२४१ लोकांपुढे. पर्थला रग्बी नको आहे, हे त्यानंतर कोणी म्हणालं नाही.

२०२० मध्ये सीमा बंद झाल्या, ऑस्ट्रेलियाला आपल्यापुरती स्पर्धा काढावी लागली, पाचवा संघ हवा होता. तयार संघ एकच होता. फोर्स परत आला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची सीमा बंद असल्याने तो सगळा मोसम घरापासून दूर खेळला आणि सगळे सामने हरला. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, तिसरा येऊन बाद फेरीत गेला; तिथे कॅनबेराच्या ब्रम्बीजने २१-९ असं हरवलं. २०२२ पासून सुपर रग्बी पॅसिफिकमध्ये आहे. २०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या एकत्र संघाचा, ऑस्ट्रेलियातला पहिला सामना पर्थमध्ये फोर्सशीच झाला. ५४-७ ने हरलो, पण तो सामना आपल्या गावात होता, आपल्या संघाशी होता.

नशिबाचा भाग किती आणि कष्टाचा किती, हे तुम्ही विचाराल. ट्विगी हे नशीब. कोरोनाने दार उघडलं तेही एका अर्थी नशीबच. पण दार उघडलं तेव्हा आत जायला संघ, रेफरी, ज्युनियर मुलं, प्रेक्षक हे सगळं जागेवर होतं, आणि ते क्लबांनी जागेवर ठेवलं होतं. आपल्याकडे पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये आयपीएलमधून गेला आणि त्याच वर्षीच्या रणजी मोसमात महाराष्ट्र अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, केदार जाधवने बाराशेच्या वर धावा काढल्या. राज्य संघटनेचा पाया त्या फ्रँचायझीवर नव्हताच, म्हणून तिला धक्का बसला नाही. पर्थचं तसं नव्हतं. इथे संघ ही संघटनेची वरची पायरी होती, ती तुटल्यावर खूप लागलं.

मेलबर्नबद्दल. जानेवारी २०२४ मध्ये रेबेल्स कर्जापायी प्रशासकांच्या हाती गेला, मेअखेर जाहीर झालं की हा शेवटचा मोसम, आणि नेमक्या त्याच मोसमात तो सुपर रग्बी पॅसिफिकच्या बाद फेरीत पहिल्यांदा पोहोचून न्यूझीलंडच्या हरिकेन्सकडून हरला. २०१७ मध्ये वाचलेला संघ सात वर्षांनी गेला. मला त्यात कसलंही समाधान वाटलं नाही. तिथल्या मुलांचं दुःख आमच्या मुलांनी आधी भोगलेलं आहे. तिथेही पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुलं मोठ्या संख्येने खेळतात आणि रग्बी लीग या रग्बीच्या वेगळ्या प्रकारातला मेलबर्न स्टॉर्म हा संघ त्यांना खेचायला समोरच उभा आहे. म्हणून व्हिक्टोरियाच्या संघटनेने नव्या मालकाची वाट बघत बसू नये. चौदा ते अठरा या वयाची मुलं पहिली धरावीत, कारण गळती तिथेच होते. महिलांचा आणि वयोगटांचा राज्यसंघ कसाही करून मैदानावर ठेवावा. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे, पहिला सामना पर्थला असला तरी मेलबर्नही यजमान आहे. त्या निमित्ताने शाळांची दारं उघडतील, तिथे शिरायला आत्तापासून माणसं तयार करावीत. आणि उद्या कोणी पैसा घेऊन आलाच, तर सह्या करण्याआधी संघाचा परवाना कोणाच्या नावावर राहणार आणि तो कोण, कधी, कशाच्या आधारे रद्द करू शकतो, हे कलम क्लबांच्या प्रतिनिधींसमोर मोठ्याने वाचून घ्यावं.

खालच्या पातळीवरचं काही, म्हणजे ज्युनियर क्लब कसा चालतो, खर्च कुठून निघतो, हे हवं असेल तर विचारा, सविस्तर लिहीन.