गिलाव्याआडची माती आणि साठेखतातलं ‘चिरेबंदी’

प्रश्न : दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावात आम्ही २०१३ मध्ये कर्ज काढून घर घेतलं. बँकेच्या मूल्यांकनकाराने ‘चिरेबंदी, कौलारू, पक्के बांधकाम’ असा अहवाल दिला होता. निसर्ग चक्रीवादळात माजघराच्या आणि मागच्या पडवीच्या भिंतींचा गिलावा पडला, तेव्हा आत माती निघाली. पंचनाम्यात ‘मातीच्या भिंतींचे घर’ अशी नोंद झाली, मदतही मिळाली. मग जाळी मारून सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता २८ लाखांना विक्री ठरली, साठेखत (पुढे खरेदीखत करण्याचा करार) नोंदवलं, ३ लाख विसार घेतला. खरेदीदाराच्या बँकेच्या माणसाने भिंती ठोकून पाहिल्या आणि कर्ज नाकारलं. साठेखताची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ‘कर्ज मंजूर न झाल्यास विसार जप्त’ अशी अट आहे. विसार ठेवून घेता येईल का? जुना मूल्यांकनकार आणि आम्हाला घर विकणारा यांच्यावर दावा करता येईल का?

उत्तर : वादळानंतर गावठाणातल्या, वाडीतल्या अशा घरांच्या विक्रीबद्दल बरीच पत्रं येतात आणि बहुतेकांचा रोख जुन्या मूल्यांकनकारावर असतो. तुमच्या प्रकरणात तो माणूस दुय्यम आहे. सगळं ठरतं ते २०२०च्या पंचनाम्यावर. त्या कागदावर तुमची सही आहे, त्याच्या आधारे सरकारी मदत तुमच्या खात्यात जमा झाली आहे, आणि तहसील कार्यालयातून त्याची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कोणीही मागू शकतो. घर मातीचं आहे हे तुम्हाला कधी कळलं, याचा याहून भक्कम पुरावा शोधूनही सापडणार नाही.

आधी विसार. तुमच्या साठेखताच्या परिशिष्टात घराचं वर्णन ‘चिरेबंदी पक्के’ असंच असणार, कारण ते २०१३च्या खरेदीखतावरून उतरवून घेतलं जातं. दस्त लिहिणारा घर बघायला येत नाही, हे खरं. पण सही करण्याआधी परिशिष्ट वाचायला पाच मिनिटं लागतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मधलं विक्रेत्याचं पहिलंच कर्तव्य असं : मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष आपल्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो सांगायचा. न सांगणं हे कपट समजलं जातं, असंही तेच कलम म्हणतं. तुम्ही तर नुसते गप्प राहिला नाहीत, उलटं लिहून दिलंत.

यावर एक बचाव सुचवला जातो : ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर, बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो, तो खरेदीदाराने बघायला हवा होता. करार अधिनियमाच्या कलम १९ मध्ये तसा अपवाद आहेही. पण तो नकळत झालेल्या चुकीच्या निवेदनाला आणि मौनाला लागू पडतो. माहीत असूनही खोटं लिहून दिलं, तर कलम १७चं कपट येतं आणि तिथे या अपवादाची सावली मिळत नाही. २०२०चा गिलावा घर वाचवण्यासाठी केला होता, लपवण्यासाठी नव्हे, हे मला पटतं, कदाचित न्यायाधीशांनाही पटेल. पण त्यानंतर ‘चिरेबंदी’ लिहून सही केली, त्याचं काय?

म्हणून ती जप्तीची अट विसरा. कर्ज खरेदीदाराच्या पगारामुळे किंवा जुन्या थकबाकीमुळे नाकारलं गेलं असतं, तर तिच्यावर भांडता आलं असतं, तेही करार अधिनियमाच्या कलम ७४च्या वाजवीपणाच्या मर्यादेत. इथे नकाराचं कारण तुमची भिंत आहे. शिवाय खरेदीदाराने दिलेल्या रकमेचा बोजा कलम ५५ नुसारच तुमच्या मालमत्तेवर राहू शकतो. तीन लाख अडवून ठेवलेत, तर अख्खी जागा अडकेल, आणि आपल्याकडे दिवाणी दावा किती पावसाळे बघतो हे तुम्हाला माहीत आहे. खरेदीदार फसवणुकीची फौजदारी तक्रार करील का? करू शकतो. ती शेवटी टिकेल की नाही ते तपशिलावर ठरेल, पण पोलीस ठाण्याच्या खेपा त्याआधीच होतात.

आता जुना विक्रेता आणि मूल्यांकनकार. तुमचा हक्क कधीकाळी होता का, यावर वाद घालता येईल. तो आज नाही, एवढं मात्र ठामपणे सांगतो. कपट किंवा चूक लक्षात आल्या दिवसापासून मुदत मोजण्याची सवलत मुदत अधिनियमाच्या कलम १७ ने दिली आहे, म्हणजे तुमच्यासाठी जून २०२०. करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला, म्हणून तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून धरा. ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. ग्राहक आयोगाची दोन वर्षं त्याच्याही एक वर्ष आधी. माती डोळ्यांसमोर पडलेली असताना एक नोटीस पाठवायला तुम्हाला पाच वर्षं सुचलं नाही, याला कायद्यात औषध नाही. मूल्यांकनकाराचा अहवाल तर बँकेसाठी असतो आणि ‘पाहणी दिसणाऱ्या भागापुरती’ असं त्यात बहुधा छापलेलंच असतं. त्याच्यामागे आणखी वकील फी घालवू नका.

या आठवड्यात करायचं ते असं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भिंतवार अहवाल घ्या. नुसतं ‘घर जुने आहे’ असं लिहिलेला कागद उपयोगाचा नाही. कोणती भिंत मातीची, कोणती जांभ्याची, चिरा मातीत बसवलाय की चुन्या-सिमेंटमध्ये, जोतं कशाचं, वाळवी किती, उरलेलं आयुष्य किती, हे त्यात हवं. कर्जाच्या मुदतीपेक्षा उरलेलं आयुष्य कमी दिसलं की बँक मागे सरते, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. जोत्यालगत, खिडकीच्या उंबऱ्याखाली आणि पाखाला (छपराच्या उताराला) टेकलेल्या कोपऱ्यात वीतभर गिलावा काढून फोटो घ्यायला सांगा. दाराच्या चौकटीत जाडी मोजली तरी अंदाज येतो : चिऱ्याची भिंत साधारण नऊ ते चौदा इंच, मातीची दीड-दोन फूट. सिमेंटच्या गिलाव्याआड मातीतली ओल कोंडून राहते. तिथे भिंत खालून भुसभुशीत झाली असेल, तर तेही अहवालात येऊ द्या.

अहवाल जोडून खरेदीदाराला लेखी कळवा आणि दोन पर्याय द्या. एक, पूर्ण विसार परत, साठेखताचा रद्दलेख. दुसरा, कमी किमतीत व्यवहार, आणि त्यासाठी परिशिष्टाचं चूकदुरुस्तीपत्र. दोन्ही दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, दोन्हींवर खरेदीदाराची सही लागते. कोऱ्या कागदावर ‘व्यवहार मोडला’ लिहून मोकळं होण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तसं केलंत, तर पुढच्या खरेदीदाराच्या सर्च रिपोर्टात हे साठेखत जिवंत दिसेल आणि मग तीच सही मिळवायला तुम्ही आजच्या खरेदीदाराकडे फेऱ्या माराल. पैसे बँकेतून, रद्दलेखाच्या दिवशीच द्या आणि व्यवहाराचा क्रमांक दस्तात लिहा.

पुढचा खरेदीदार बहुधा कर्जाशिवाय पैसे उभे करणारा असेल. कर्जाशिवाय म्हणजे नोटांनी नव्हे : वीस हजार किंवा त्याहून अधिक विसार रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही. खरेदीखतात जागेची आणि बांधकामाची किंमत वेगळी दाखवा, भिंतींचं वर्णन अहवालातल्या शब्दांत करा आणि ‘खरेदीदाराने अहवाल वाचला’ अशी ओळ घाला. मुद्रांकासाठी बांधकामाचे दर पक्क्या-कच्च्यानुसार वेगळे असतात, त्यामुळे खरं वर्णन खरेदीदाराच्या फायद्याचंही असतं. ‘जसे आहे तसे’ ही अट जरूर टाका. ती फुटक्या कौलांपुरती कामाला येईल, माहीत असलेल्या झाकलेल्या दोषावर तिचा भरवसा धरू नका.

घेणारा पाडून नवं बांधायचं म्हणत असेल, तर सीआरझेडची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) रेषा त्याला स्वतः तपासू द्या. ‘इथे सगळे बांधतात’ असं तोंडीसुद्धा बोलू नका. आणि इंजिनिअरने उघडलेल्या जागा व्यवहार होईपर्यंत बुजवू नका. पावसाची झड येणाऱ्या बाजूला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावलीत की पुरे.