जुन्या संगणकाला नवी हार्ड डिस्क: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा संगणक 2002च्या सुमाराचा आहे. आत 40 जीबीची आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलने जोडायची जुनी पद्धत) हार्ड डिस्क आहे. त्याच केबलवर वापरलेली 160 जीबीची डिस्क लावली, तर दोन्ही दिसेनाशा झाल्या. ती काढली की जुनी चालू होते. नवी डिस्क गेलेली असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी. नवी काढताच जुनी चालते, म्हणजे भांडण दोघींमधलं आहे आणि ते बहुधा जंपरचं, म्हणजे डिस्कची भूमिका ठरवणाऱ्या, पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीचं. एका आयडीई केबलवर एकच मास्टर (पहिली डिस्क) चालतो, दुसरी स्लेव्ह असावी लागते. दोन्ही डिस्क मास्टर असल्या तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि बायॉसला (संगणक सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) एकही धड ओळखता येत नाही.

पॉवरची वायर भिंतीतून काढा, अंगातली स्थिर वीज उतरवायला कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग डिस्क बाहेर घ्या. डेटा केबल आणि पॉवर यांच्या जागांमध्ये पिनांची एक छोटी जोडओळ दिसेल. जंपर कुठे बसवायचा याचा तक्ता लेबलवर छापलेला असतो. जुनी मास्टर, नवी स्लेव्ह ठेवा. एक खोच आहे : वेस्टर्न डिजिटलच्या आयडीई डिस्कमध्ये ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ या दोन वेगळ्या जागा असतात. जुनी डिस्क त्यातली असेल तर तिचाही जंपर हलवावा लागेल; नेमकं हेच राहून जातं.

केबल 80 तारांची घ्या. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लाल कडेची तार पिन 1च्या बाजूला.

आता विंडोजकडे धावू नका, आधी बायॉस उघडा. त्या केबलच्या चॅनेलवर कुणी ‘नन’ (डिस्क नाही) करून ठेवलं असेल तर ‘ऑटो’ करा. तिथे डिस्कचं नाव येत नसेल, तर विंडोजमध्ये काहीही केलंत तरी ती दिसणार नाही.

प्रश्न : डिस्क दिसली, पण 160 जीबीऐवजी 128च्या आसपासच भरते.

उत्तर : 149 दिसली असती तर काळजी नव्हती, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक. 128 म्हणजे मात्र 28 बिटांच्या पत्त्यांची मर्यादा : 137 जीबीच्या (विंडोजच्या मोजणीत 128) पुढचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, मोजायला आकडेच उरत नाहीत. विंडोज एक्सपी असेल तर किमान सर्व्हिस पॅक 1 (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) हवा, आणि बायॉसलाही 48 बिटांचे पत्ते कळायला हवेत. मदरबोर्डचं अपडेट मिळत नसेल तर मदरबोर्डच्या पीसीआय खाचेत बसणारं, स्वतःचा बायॉस असलेलं आयडीई कार्ड लावा. मूळ एक्सपीच्या सीडीवरून, मोठ्या पार्टिशनमध्ये आधीच डेटा असलेल्या डिस्कवर विंडोज टाकू नका. पत्त्यांची मोजणी संपून पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि डिस्कच्या सुरुवातीच्या फायलींवरच लिहिलं जाऊ शकतं.

प्रश्न : साटा (आयडीईनंतरची, बारीक केबलची पद्धत) डिस्कवर एक्सपी टाकताना निळा पडदा येतो, 0x0000007B.

उत्तर : एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे साटा डिस्कशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नाही. बायॉसमध्ये साटा मोड ‘आयडीई’ करा आणि पुन्हा सेटअप चालवा. विंडोज बसल्यावर मोड परत बदललात तर हाच पडदा पुन्हा भेटेल.