चेकबॉक्सची खूण कुठे राहते

अरे, काल राजवाड्यावरून घरी आल्यावर तुझा गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीचा पायथॉन प्रोग्रॅम चालवून पाहिला. कुणी हात न लावताच चौकटी ‘ना होय, ना नाही’ अशा दिसतात, तो दोष चेकबटनचा, म्हणजे खुणेच्या चौकटीचा, नाही. टीकिंटरमध्ये, म्हणजे पायथॉनच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या लायब्ररीत, खूण चौकटीत राहत नाही. तिला जोडलेल्या बूलियनव्हारमध्ये, म्हणजे होय-नाही साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, राहते. तू तो फंक्शनच्या आत साध्या नावाने केलास. फंक्शन संपलं, पायथॉनने तो पुसला आणि टीटीकेची (टीकिंटरमधल्या नव्या रूपाच्या घटकांची) चौकट तिसऱ्या अवस्थेत गेली. तो सेल्फच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या स्वतःच्या, डिक्शनरीत ठेव म्हणजे टिकेल, प्रत्येक सभासदाचा वेगळा. मीही यात दोन रात्री घालवल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

‘सगळे निवडा’ दाबल्यावर बेरीज बदलत नाही, कारण चेकबटनला दिलेली कमांड (खूण बदलल्यावर चालवायचं फंक्शन) वापरणाऱ्याच्या क्लिकवर किंवा स्पेसबारवर चालते. कोडमधून सेट केलंस तर ती गप्प बसते. बेरजेचं फंक्शन ट्रेसने, म्हणजे व्हेरिएबल बदललं की फंक्शन चालवणाऱ्या सोयीने, व्हेरिएबललाच जोड.

आणि नाव वेगळ्या लेबलात नको, चेकबटनच्या टेक्स्टमध्येच दे. मग नावावर क्लिक केलं तरी खूण होते. मंडळातल्या काकूंना तो इवलासा चौकोन नेमका गाठायला लावू नकोस.