दोनशिक्षकी शाळेत रुजू होताना

सप्रेम आशीर्वाद.

शिक्षणसेवक म्हणून तुला बीड जिल्ह्यातील वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा मिळाल्याचे कळले. चार इयत्ता आणि शिक्षक दोन, म्हणजे दोन वर्ग एकाच वेळी तुझ्यासमोर बसणार. अशा ठिकाणी प्रत्येक मुलाला चांगले शिकवणे शक्य आहे का, असे तू विचारले आहेस. शक्य आहे, मात्र अभ्यासक्रम उरकण्याची घाई आधी सोडावी लागेल.

सुरुवातीलाच एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घे. पुस्तकातला धडा मुले पुष्कळदा ऐकून पाठ म्हणतात. ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवले की वाचता किती येते ते समजते. मग ५२ वजा २७ करायला सांग. उत्तर ३५ आले, तर मूल धांदरट आहे असे समजू नकोस. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले आहेत, कारण पाच दशकांपैकी एक दशक मोडून दहा सुटे मिळतात, हे त्याला कुणी काड्यांच्या गठ्ठ्यांवर दाखवलेले नाही. त्याला आणखी वीस उदाहरणे घालून काही साधणार नाही. गठ्ठ्याचे रबर त्याच्याच हाताने काढू दे.

त्यानंतर भाषा आणि गणितासाठी इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट पाड आणि सर्वांत मागे असलेल्या गटाबरोबर सकाळच्या वेळात तू स्वतः बस. कच्च्या मुलांना वर्गनायकाच्या हवाली करून शिक्षकाने पुढच्या मुलांना शिकवत राहण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण ज्याला शिक्षकाची गरज सर्वाधिक, त्याच्याच वाट्याला तो येत नाही. प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार पूरक अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य असल्याचे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये नमूद आहे.

तुझ्या भागातली खरी कसोटी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागेल. आईवडील ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघाले की मुलेही बिऱ्हाडाबरोबर जातात आणि हजेरीपटावर सलग गैरहजेरी लागत राहते. म्हणून टोळ्या निघण्याआधीच घरोघर जा. मूल आजीआजोबांपाशी राहू शकते का ते विचार, हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईवडील बाहेर असताना मुलांची गावातच सोय करण्याचा, प्रस्ताव वेळेत जावा यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लाग, आणि जे मूल जाणारच आहे त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत त्याचे शिक्षण चालू राहावे म्हणून द्यायचे कार्ड) देताना त्याला आज नेमके काय येते हेही लिहून दे. हंगाम संपवून ते परतले की त्याला थेट वर्गाच्या चालू धड्यावर बसवू नकोस. पुन्हा तपास आणि योग्य त्या गटात घे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या कुटुंबांतल्या आयाही समितीत असाव्यात आणि बैठक त्या गावात असताना, कामावरून परतल्यावर, संध्याकाळी व्हावी, असा आग्रह धर. (दुपारी घेतलेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर अंगठे मिळतात, पण बोलणे होत नाही.)

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जाताना अडलेल्या मुलांच्या वह्या बरोबर ने आणि त्यांतली एखादी चूक केंद्रप्रमुखांसमोर व इतर शिक्षकांसमोर चर्चेला ठेव. पहिल्या तपासणीच्या नोंदी मलाही पाठव, म्हणजे गटांची विभागणी आपण मिळून ठरवू.

तुझा हितचिंतक