सीडी फुटली त्या दिवसाची तारीख काय?

पंचवटीतल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. जुन्या कॅसेट आणि सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं काम ते घरातूनच करतात, त्यावरच घर चालतं. 2023 च्या दसऱ्याला त्यांनी एम.जी. रोडवरच्या एका दुकानातून असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला. त्यात सीडी 48 पट वेगाने वाचणारा डीव्हीडी रायटर, म्हणजे सीडी घालायचा ड्राइव्ह, होता. काही महिन्यांनी सिन्नरच्या एका ग्राहकाच्या लग्नाची सीडी कॉपीला लावली आणि ती आत फिरता फिरता फुटली. ट्रेचं तोंड तुटून बाहेर आलं, एक तुकडा हनुवटीला लागला, तीन टाके पडले. दुकानदार म्हणतो, सीडीच जुनी होती. सिन्नरकर म्हणतात, आमच्या लग्नाचे पन्नास हजार द्या. वाचकांचा प्रश्न असा, की दोष नेमका कोणाचा?

अशी पत्रं मला नेहमी येतात. कधी इन्व्हर्टर असतो, कधी गिझर, कधी मोबाइलची बॅटरी. वस्तू बदलते, बाकी मजकूर तोच. आवाज किती मोठा झाला, दुकानदार किती उर्मट बोलला, शेजाऱ्यांनी काय पाहिलं, हे सगळं त्यात असतं. तारीख मात्र नसते. या पत्रातही ‘पावणेदोन-दोन वर्षं झाली असतील’ एवढंच आहे. महाराज, तुमची सगळी केस त्या ‘असतील’मध्ये अडकली आहे.

सुदैवाने तुम्ही व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट जोडलेत. फुटलेल्या ड्राइव्हचा फोटो तुम्ही दुकानदाराला 12 फेब्रुवारी 2024 ला संध्याकाळी पाठवला आहे. सीडी त्याच दिवशी फुटली असं मी धरून चालते. आदल्या दिवशी फुटली असेल तर त्याहूनही घाई करा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 सांगतं, की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार आली नाही तर ग्राहक आयोगाने ती दाखलच करून घ्यायची नाही. समोरच्याने मुदतीची हरकत घेतली नाही म्हणूनही सुटका नाही. मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली एका बँकेच्या प्रकरणात बजावलं आहे. तो निकाल जुन्या कायद्याच्या कलम 24-अ वरचा आहे, पण नव्या कलमाची भाषा तीच आहे.

आता ते स्क्रीनशॉट पुन्हा वाचू. मार्च 2024: ‘कंपनीला पाठवलाय, दोन-तीन आठवड्यांत येईल.’ जुलै: ‘स्टॉक नाही म्हणतात.’ दिवाळीनंतर: ‘साहेब बाहेरगावी आहेत.’ 2025 च्या मे महिन्यात नुसता हात जोडल्याचा इमोजी. सिंहस्थ बारा वर्षांनी का होईना, येतो तरी. तुमचा ड्राइव्ह येणार नाही हे दुसऱ्या निरोपालाच कळायला हवं होतं. तुम्ही समजलात, की बोलणी चालू आहेत तोवर मुदत थांबलेली आहे. ती थांबत नाही. 1988 मध्ये तंबाखूचा साठा जळाल्याच्या एका प्रकरणात विमा कंपनीशी उशिरा झालेला पत्रव्यवहार दाखवून मुदत वाढवून घ्यायचा प्रयत्न झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं, की मुदत आग लागली त्या तारखेपासून मोजायची. नंतर तुम्ही पत्र पाठवलं आणि समोरच्याने उत्तर दिलं म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. तुमच्या बाबतीत आगीच्या जागी सीडी घाला.

हे लिहिते आहे तेव्हा जानेवारी 2026 अर्धा सरला आहे. 11 फेब्रुवारी, बुधवार, हा शेवटचा दिवस समजा, आणि प्रत्यक्षात महिनाअखेरीस तक्रार दाखल करून मोकळे व्हा. ग्राहक तक्रारींसाठीच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, पण कागद नीट जोडले नाहीत तर त्रुटी निघतात आणि त्या दुरुस्त करण्यात दिवस जातात. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी नाही. तुम्ही नाशिकला राहता, म्हणून नाशिकचा जिल्हा आयोग चालेल. ड्राइव्हची कंपनी कुठलीही असो.

आधी वकिलाची नोटीस, मग पंधरा दिवसांची वाट, मग स्मरणपत्र, हा क्रम डोक्यातून काढून टाका. ग्राहक तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला हरकत नाही, कधी कधी दुकानदार तेवढ्यानेही हलतो. पण त्या नोंदणीने कलम 69 ची मुदत थांबत नाही.

तारीख हुकलीच तर विलंब माफीचा अर्ज असतो. पुरेसं कारण दिसलं तर आयोग कारण नोंदवून माफी देऊ शकतो. पण दुकानदार ‘बघतो, करतो’ म्हणत होता, हे पुरेसं कारण ठरेल यावर मी तरी पैज लावणार नाही. वॉरंटी नाकारली त्या दिवसापासून नवं कारण घडलं, असाही युक्तिवाद करतात. काही ठिकाणी चालतो. हातात दिवस असताना त्याच्यावर विसंबायचं कशाला?

आणि दुसरी गोष्ट, ज्यावर मला खरंच राग आला. ड्राइव्ह आतल्या तुकड्यांसकट दुकानदाराकडे देऊन आलात आणि पोच घेतली नाहीत! अहो, तोच तर पुरावा. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग कलम 38 खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. पाठवायला वस्तू हवी ना? आजच दुकानदाराला साधा निरोप टाका: ‘12 फेब्रुवारीला फुटलेला माझा ड्राइव्ह तुकड्यांसह तुमच्याकडे आहे, परत द्या किंवा जपून ठेवा.’ भांडू नका, धमकी देऊ नका. तो ‘हो, आहे’ एवढं म्हणाला तरी आपलं काम झालं. तक्रारीसोबतच ड्राइव्ह जपून ठेवण्याच्या अंतरिम आदेशाचा अर्ज लावा. हनुवटीचे टाके घातले त्या डॉक्टरांकडून तारखेसह दाखला घ्या. केसपेपर फेकलात हे पत्रात वाचलं, त्यावर आता काही बोलत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, ज्यावर तुम्ही तीन पानं खर्च केलीत. लग्नाची व्हीसीडी टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये एकपट वेगाने चालते, मिनिटाला साधारण 200 ते 500 फेरे. तीच कॉम्प्युटरात कॉपीला लावली, की 48 पटीचा ड्राइव्ह तिला मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास नेऊ शकतो. बाहेरच्या कडेचा वेग तेव्हा ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे वीसपट झाले की ताण चारशेपट. तो सगळ्यात जास्त असतो मधल्या भोकाच्या कडेला, आणि घट्ट डबीतून सीडी वाकवून उपसायच्या आपल्या सवयीने बारीक चीर पडते तीही तिथेच. चांगली सीडी हा ताण सहन करते. चीर गेलेली सीडी प्लेयरमध्ये आणखी वीस वर्षं वाजली असती, ती ड्राइव्हमध्ये फुटते.

त्यात तुमच्या फोटोत एका तुकड्यावर कागदी स्टिकर दिसतो. त्यावर ‘चि. सौ. कां.’ एवढंच वाचता येतं, पुढचं नाव दुसऱ्या तुकड्यावर गेलं. असा स्टिकर जरा जरी सरकून चिकटला असेल तर सीडीचा तोल जातो. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा फोटो पुढे करील आणि म्हणेल, की वस्तूचा गैरवापर झाला, कलम 87 प्रमाणे विक्रेता जबाबदार नाही. ड्राइव्ह सदोष होता हे सिद्ध करणं म्हणूनच अवघड आहे. अशक्य म्हणत नाही.

पण तडा गेलेली किंवा स्टिकर लावलेली सीडी घालू नका, अशी सूचना ड्राइव्हच्या पुस्तिकेत बहुधा असते. तुम्हाला पुस्तिका मिळाली होती का? असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचे खोके बऱ्याचदा दुकानातच राहतात. उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नाहीत आणि त्यामुळे इजा झाली, तर कलम 86 विक्रेत्याला जबाबदार धरतं. जोडणी करताना वाजवी काळजी घेतली नसेल तरीही. शिवाय तुमच्या बिलावर नुसतं ‘असेंबल्ड पीसी’ लिहिलं आहे, ड्राइव्हची कंपनी नाही, क्रमांक नाही. उत्पादक कोण हेच कळत नसेल तर त्याच कलमाखाली दुकानदाराकडे बोट दाखवता येतं. माझ्या मते तुमच्या केसमध्ये जी काही धार आहे ती इथे आहे. पुस्तिका मिळाली असेल तर तसं खरं सांगा, मग मांडणी बदलावी लागेल.

तुम्ही धंद्यासाठी कॉम्प्युटर घेतला, म्हणून ग्राहकच नाही, असाही आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूत धरत नाही, तेव्हा ‘काम मी स्वतः करतो, नोकर नाही’ हे वाक्य तक्रारीत आणि शपथपत्रात असू द्या. भरपाई मागताना इजा आणि त्यातून झालेला मनस्ताप आधी मांडा. बुडालेली कामं, मोडलेला सीझन यांचा आकडा फुगवू नका. उत्पादन दायित्वात, म्हणजे सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादक-विक्रेत्यावर येणाऱ्या जबाबदारीत, ‘हानी’च्या व्याख्येत व्यापारी नुकसान बसत नाही. खुद्द ड्राइव्हची किंमत वॉरंटी आणि सदोष वस्तू या वेगळ्या मुद्द्यावर मागावी लागेल.

निकाल कधी, हे विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिले आहेत, तपासणी लागली तर पाच. सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी 45 दिवसांपलीकडे एकही दिवस मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठणकावलं. पुढच्या तारखांना मात्र अशी वेसण कोणी घातलेली नाही.

राहिले सिन्नरचे ग्राहक. त्यांची सीडी तुमच्या ताब्यात होती. करार कायद्याच्या कलम 151 प्रमाणे सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी तुम्ही घ्यायला हवी होती. सीडी लावण्याआधी उजेडात धरून पाहिली होती का, ड्राइव्हचा वेग कमी करायची सोय वापरली होती का, हे प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. तेही तुमच्याविरुद्ध आयोगात जाऊ शकतात, आणि दोन वर्षांचं कलम त्यांनाही लागू आहे. पन्नास हजार हा आकडा मला जास्त वाटतो, पण तो त्यांच्याशी बोलून कमी होण्यासारखा आहे. बोला, चहा पाजा, नवऱ्यामुलाच्या मामाकडे किंवा स्टुडिओवाल्याकडे दुसरी प्रत आहे का ते शोधा. फक्त ‘माझ्या हलगर्जीपणामुळे सीडी फुटली’ असा मजकूर टाइप केलेला जो स्टॅम्प पेपर त्यांनी तुमच्याकडे ठेवला आहे, त्यावर सही करू नका.