होमरच्या ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यावर ऑर्केस्ट्रासाठी रचना करायची आहे. प्रत्येक पात्राला वेगळी धून देऊन सुरुवात करू का?

धुनांची घाई करू नका. आधी होमरचं वृत्त अंगात मुरू द्या.

त्याची ओळ सहा गणांची. मुख्य गण गुरू-लघु-लघु, म्हणजे ‘यमाताराजभानसलगा’ मधला आपला भगण. त्याच्या जागी दोन गुरूही चालतात. प्राचीन ग्रीक वृत्त संस्कृतसारखंच अक्षरांच्या लांबी-आखूडपणावर चालतं, त्यामुळे मराठी कानाला ते पटकन उमगतं. दहा-बारा ओळी टाळी देत म्हणा, मग बेथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग ऐका : एक लांब, दोन आखूड, दोन लांब. तो होमरवर रचलेला नाही, पण होमरची ओळ बहुतेक वेळा अशीच संपते. व्हायोला, चेलो आणि डबल बेसवर सुरू झालेली ही लय पुढे दुसऱ्या व्हायोलिनकडे, मग पहिल्या व्हायोलिनकडे जाते. लय तीच राहते आणि वजन वाढत जातं. महाकाव्याची चाल मला याहून स्पष्ट कुठेच ऐकू आलेली नाही.

आता धुना. धून प्रसंगागणिक बदलत न्यायची, ही जर्मन ऑपेराकार वाग्नरची सवय आपल्याला चित्रपटसंगीतामुळेही लागली आहे. होमर उलट करतो. ग्रीकांचा वीर अकिलीस रुसून तंबूत बसलेला असतानाही ‘चपळ पायांचा’च असतो. पहाट पुन्हा पुन्हा ‘गुलाबी बोटांची’च उगवते. गाता गाता रचणाऱ्यांची ही ठरलेली शब्दावली. होमरचे अभ्यासक मिलमन पॅरी यांनी 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या लोकगायकांकडे हीच पद्धत ध्वनिमुद्रित केली. म्हणून अकिलीसची ट्रम्पेटवरची चार सुरांची ओळ अजिबात बदलू नका, तिच्याखालचं सगळं बदला. संथ, थकलेल्या तंतुवाद्यांवर तीच ओळ आली की काय घडलंय ते श्रोत्याला कळतं.

वाद्यांचं म्हणाल तर मायकेल टिपेट यांचा, ग्रीकांशी लढणाऱ्या ट्रॉयच्या राजावरचा ‘किंग प्रायम’ (1962) हा ऑपेरा ऐकाच. त्याच्या दुसऱ्या, युद्धाच्या अंकात व्हायोलिन कुळातलं एकही वाद्य नाही. अकिलीस तंबूत गातो तेव्हा साथीला फक्त गिटार. कुठलं वाद्य गप्प ठेवायचं हे इतकं धीटपणे ठरवलेलं मी क्वचितच पाहिलंय.

आणि सगळं ‘इलियड’ घेऊ नका. 24 सर्ग, पंधरा हजारांवर ओळी. एकच प्रसंग निवडा. मी शेवटचा सर्ग निवडेन. म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत जातो, मुलाला मारणाऱ्या अकिलीसचे हात चुंबतो आणि प्रेत परत मागतो. दोघेही रडतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस आपल्या बापासाठी आणि मधूनच मारल्या गेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. कवीला हे एकापाठोपाठ एक सांगावं लागतं. ऑर्केस्ट्रा दोन्ही विलाप एकाच वेळी वाजवू शकतो. एक चेलोवर, एक हॉर्नवर, एकाच लयीत आणि तरी एकमेकांत न मिसळणारे. या प्रसंगाला ऑर्केस्ट्राच हवा असं मला वाटतं ते यामुळेच.

तेव्हा पहिला खर्डा या दोन विलापांच्या सुरावटींचाच करा, पियानोवर, दोन हातांनी. त्या एकत्र उभ्या राहिल्या की बाकीची वाद्यं वाटायला घ्या.